पांढरा ट्रक आणि दोन जीबीचं कार्ड

११ नोव्हेंबर, सोमवार

गेम उघडत नाई! सहाले बसलो, बटन दाबलं, नेहमीसारखं. पडदा काळा. वर इंग्रजीत चार ओळी, खाली ओके. ओके दाबलं तं सगळंच बंद. पाच वेळा केलं. सहाव्यांदा मशीनच्या डोक्यावर थाप मारली. तरी नाई.

तिकडं गेमात पोरगी, दिव्यानी, पांढरा ट्रक घेऊन उभी असन. काल ठरलं होतं — जर्मनीतून लाकूड भरायचं, पोलंडले उतरवायचं. मी पुढं, ती मागं.

गिरजा म्हणे, "एक दिवस नाई चालवला ट्रक तं काय बिघडते? एकतीस वर्षं चालवलाच ना."

बायकोले काय सांगू. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत डंपर चालवला, पण रस्ता एकच — खड्ड्यातून वर, वरून खड्ड्यात. मार्चमधे रिटायर झालो. आता कुठी पोलंड पाहून राह्यलो. आन् खरं सांगायचं तं पोलंडसाठी मी थोडीच बसतो!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गेम उघडत नाई, पण बाजूची चॅटची खिडकी उघडते. तिथी लिहिलं, एका बोटानं, इंग्रजी अक्षरात मराठी — गेम बंद पडली, काय करू. दोन मिनिटात दिव्यानीचं उत्तर — "बाबा, अपडेट आला आहे. तुमचं कार्ड जुनं पडलं असेल. कोणतं कार्ड आहे?"

मी आधार कार्ड काढून ठेवलं! मग वाटलं एटीएमचं असन, गेमचे पैसे भरा लागत असतीन. तसं विचारलं तं तिनं हसणारी तीन तोंडं पाठवली. मग समजावून सांगतलं. मशीनच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड असते. पडद्यावरचं चित्र तेच काढते. ते म्हातारं झालं की नवीन गेम त्याले झेपत नाई.

पेचकस घेऊन बाजूचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ, एक मेलेलं झुरळ, आन् हाताच्या पंजाएवढं कार्ड. त्याच्यावर ७३०, दोन जीबी. हेच ते म्हातारं.

मशीन दिव्यानीचंच. चंद्रपूरले कॉलेजात होती तवा घेऊन देल्लं होतं. दोन वर्षांपूर्वी गेली तवा इथीच सोडून गेली. गडचिरोलीले कोर्टात लग्न केलं. एटापल्लीकडचा माडिया आदिवासी पोट्टा, चैतू. दवाखान्यात रक्त तपासते. अहेरीले घर केलं दोघाईनं. मी गेलो नाई. तवापासून ती माझ्याशी बोलत नाई, मी तिच्याशी नाई. गिरजा फोनवर बोलते, मी उठून बाहेर ओट्यावर जातो.

आन् मग जुलैमधे या गेमात चिठ्ठी आली, दिव्यानी नावानं. "बाबा, सोबत ट्रक चालवायचा का?" गिरजानं फोनवर सांगतलं असन की म्हातारा दिवसभर ट्रक फिरवते. मी हो दाबलं. तवापासून रोज सहा ते साडेसात. तिच्याकडं माइक नाई म्हणे, म्हणून लिहूनच बोलते. "बाबा, डावीकडे घ्या." "बाबा, पुढे नाका आहे." मलेही लिहिणंच बरं. तोंड उघडलं की माझ्या तोंडातून भलतंच निघते.

एकच खुपते. ती मले "तुम्ही" म्हणते. लहानपणापासून "बाबा, तू" होतं. राग असन अजून. असू दे. राग धरून का होईना, येते तं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सहाले जाऊन खुर्चीवर बसलो. मशीन बंदच. सवय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चंद्रपूरले गेलो. गोल बाजाराच्या मागं कॉम्प्युटरचं दुकान, मालकाले सगळे भैयाजी म्हणतात. मी ७३० काढून पिशवीत नेलं होतं. त्यानं दोन बोटात धरलं, जसं मेलेला उंदीर धरते.

"काका, हे कुठून आणलं?"

"घरातून. याच्यापेक्षा मोठं पाह्यजे. पण स्वस्त."

मग जे सुरू झालं! १०३०, १०५०, १०५० टीआय, १६५०, १६५० सुपर, ३०५०, ६६००. मी म्हटलं, आकडा मोठा तितकं कार्ड मोठं ना? म्हणे, तसं नाई काका. ९६० हे १०३० पेक्षा दमदार आहे. म्हटलं, काऊन? म्हणे, ते जुनं पण वरच्या दर्जाचं, हे नवीन पण खालच्या दर्जाचं. म्हटलं, मग जीबी जास्त ते चांगलं? म्हणे, तसंही नाई.

खाणीत पस्तीस टनाचा डंपर म्हणजे पस्तीस टन. साठचा म्हणजे साठ. कोनाले विचारा लागत नव्हतं. इथी टीआय म्हणजे काय ते भैयाजीलेही माहीत नाई! "टीआय म्हणजे जरा जास्त," म्हणे.

नवीन कार्ड घेतलं तं वीस हजाराच्या घरात जाते. आन् त्याले तुमचा पॉवर सप्लाय पुरणार नाई, तोही बदला. आन् मग मदरबोर्डही... मी उठलो. ७३० परत पिशवीत टाकलं.

येताना गाडीवर सगळ्या रस्त्यानं आकडेच डोक्यात. विसापूरच्या पुढं एका ट्रकचा नंबर १६५० दिसला. शकुन म्हणावं का काय म्हणावं!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भैयाजीचे सगळे आकडे दिव्यानीले लिहून पाठवले. अर्ध्या तासात उत्तर. एवढं मोठं! पॉवर सप्लायच्या डब्यावर किती वॅट लिहिलं ते वाचा. त्याच्यातून सहा छिद्राची वायर निघते का पाहा. मशीनच्या डब्याची आतली लांबी टेपनं मोजा. फोटो पाठवा. घाई करू नका, भैयाजीच्या नादी लागू नका, जुनं चांगलं कार्ड मिळेल.

मोजलं. फोटो पाठवले. सहा छिद्राची वायर नाई.

पोरीले एवढं कुठून समजाले लागलं? ही तं मोबाइलचं सिम टाकाले माझ्याकडं येत होती. मग मीच विषय काढला. लिहिलं — माणिकगडच्या किल्ल्यावर गेलो होतो, माकडानं तुझी चप्पल नेली, आठवते काय?

कार्डाचं उत्तर अर्ध्या तासात आलं. याच्याले दोन तास. "हो बाबा." एवढंच.

समजत नाई. कार्डावर पानभर, चपलीवर दोन शब्द.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मीच शहाणपणा केला. मोबाइलवर जाहिरात पाह्यली, आपल्याच बल्लारपुरात, स्टेशनच्या रस्त्याले. वापरलेलं, आठ जीबी, दोन पंखे. एक माणूस आपलं मशीन विकून राह्यला होता. आठ म्हणजे दोनच्या चौपट — घेऊन आलो!

कार्ड डब्यात जात नाई. चार बोटं बाहेर. हार्ड डिस्कची खोली कापली तं जाईन असं वाटलं, हॅक्सॉ काढला. गिरजानं हातातून घेतला. "पोरीचं मशीन आहे ते."

वरून त्याले आठ छिद्राची वायर लागते. आपल्याकडं सहाचीही नाई.

१७ नोव्हेंबर, रविवार

कार्ड परत केलं. माणूस भला, पैसे देल्ले. म्हणे, "काका, पहिले लांबी मोजत जा." मोजलीच होती ना! फक्त आपलीच मोजली, त्याची नाई.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिव्यानीची चिठ्ठी. "बाबा, मोहर्लीला निकेश आहे, जिप्सी चालवतो, आमच्या ओळखीचा. त्याच्याकडे १६५० आहे. वापरलेलं, पण जपून. त्याला वेगळी वायर लागत नाही, तुमच्या डब्यात बसतं, मोजून पाहिलं. उद्या मंगळवार, सफारी बंद, तो घरीच आहे. त्याला पैसे देऊ नका, माझं त्याच्याशी झालं आहे. बसवा. मग बोलतो."

बोलतो? बोलते लिहायचं असन. तीही घाईत एकाच बोटानं लिहीत असन.

पण मोजून पाहिलं म्हणजे काय? कार्ड मोहर्लीले, ती अहेरीले. मोजलं कोनं?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठलेच गाडी काढली. मोहर्लीच्या अलीकडं रस्ता बंद. वाघीण बसली होती, डांबरावर, उन्हात. दोन्हीकडं मोटारसायकली, दुधाचे कॅन, शाळेची गाडी. पाऊण तास. कोनी हॉर्न मारत नाई, कोनी बोलत नाई. माझ्यापुढं एक बाई मोबाइलवर कोनाले हळूच सांगत होती, "हो, आहे अजून. नाई, उठली नाई." मी मनातल्या मनात वॅट मोजत होतो.

निकेश पंचविशीचा. चहा देल्ला. आतून एक उशीचा अभ्रा आणला, त्याच्यात कार्ड. काढून पाह्यलं तं चकचकीत. पंख्याच्या पात्यावर धुळीचा कण नाई. कोन्या तरी माणसानं ब्रशनं एक एक पातं पुसलं होतं.

म्हटलं, "लई जपलं बुवा तुम्ही."

"माझं नाई काका. भाऊनं देल्लं. मागच्या आठवड्यात अहेरीले लग्नाले गेलो होतो."

"भाऊ कोन?"

त्यानं माझा कप पुढं सरकवला. म्हणे, "ताईनं. ताईनं देल्लं. चहा थंड होऊन राह्यला काका."

येताना तेच डोक्यात. हा अहेरीहून कार्ड घेऊन आला म्हणजे बल्लारपूरवरूनच आला. आमच्या दारापासून एक किलोमीटर. मग मले देऊन काऊन नाई गेला? मी काऊन ऐंशी-नव्वद किलोमीटरची रपेट केली? आन् कार्ड दिव्यानीकडं होतं तं ते मोहर्लीले आहे असं काऊन लिहिलं?

काही समजत नाई. पण कार्ड हातात आहे. छातीशी धरूनच गाडी चालवली, एका हातानं. डंपरवाल्यानं असं करू नये.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दोघंही मतदान करून आलो. मग कार्ड.

पहिल्यांदा बसलंच नाई. जोर लावाले भीती वाटे. गिरजाले म्हटलं बॅटरी धर. "टक्" आवाज आला, मले वाटलं मोडलं! मोडलं नव्हतं. बसलं होतं.

आन् मग — काय सांगू! गेम उघडली. रस्त्याच्या कडेले झाडं होती, पहिले नुसते हिरवे ठिपके होते, आता पानं! काचेवर पाऊस पडते तं थेंब घसरून खाली येते, वायपर त्याले ओढून नेते. आरशात मागचा रस्ता दिसते. गिरजा भाजी चिरता चिरता येऊन उभी राह्यली. "हे खरोखरच्या गावाचे फोटो होत काय?" म्हणे.

सहा वाजता आमच्या नेहमीच्या जागी लाल ट्रक उभा केला. दिव्यानी आली नाई.

तिचं नाव पांढरं असते, आली की हिरवं होते. पांढरंच राह्यलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आली नाई. लिहिलं — कार्ड बसलं! झाडाले पानं आहेत! उत्तर नाई.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

नाई.

एकटाच गेलो पोलंडले. रस्ता सुंदर आहे. काय करू सुंदर रस्त्याचं? मागच्या आरशात पाहाची सवय लागली आहे. कार्ड नव्हतं तवा ती होती, आता कार्ड आहे तं ती नाई. काय चुकलं माझं? चपलीचं विचारलं म्हणून? का फुकट कार्ड घेतलं म्हणून?

२४ नोव्हेंबर, रविवार

गिरजा सुपात तांदूळ निवडत होती. मी पुढं जाऊन बसलो.

"दिव्यानी बरी आहे ना?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्यापुढं पोरीचं नाव घेतलं. तिचा हात सुपातच थांबला.

"बरी आहे. काऊन?"

"चार दिवस झाले, ट्रकवर येत नाई."

गिरजानं तांदळातला एक खडा काढून बाजूले टाकला. म्हणे, "ती कधीच नाई आली ट्रकवर."

"म्हणजे?"

"म्हणजे ते जावई होते. चैतू. पहिल्या दिवसापासून."

मी उठलो. परत बसलो. म्हटलं, नाव तं दिव्यानीचं होतं. म्हणे, "पहिले त्यानं स्वतःच्याच नावानं पाठवलं होतं. तुम्ही काटलं."

आठवलं. जुलैमधे, चैतू नावाची चिठ्ठी. वाचलीही नाई, लाल बटन दाबलं होतं. दोन दिवसांनी दिव्यानीची आली.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"फसवलं मले!"

"फसवलं तं फसवलं," गिरजा म्हणे. "चार महिने हासत तं उठले खुर्चीवरून. मी पाह्यलं आहे."

कार्डही त्याचंच. त्याची बदली झाली, भामरागडच्या पुढं, जंगलातल्या दवाखान्यात. तिथी फोन लावाले टेकडीवर चढा लागते, गेम कुठली चालते. म्हणून आपल्या मशीनचं कार्ड काढलं. माझ्याजवळ नुसतं पडून राहीन, बाबाच्या तरी कामी येईन, म्हणे. निकेशले ताकीद होती, बल्लारपूरच्या घरी जाऊ नको, उगाच बोलणी खाशीन. आन् आता ट्रकवर येता येणार नाई, हे मले सांगाची त्याची हिंमत झाली नाई.

"आन् दिव्यानी? तिचं काय?"

गिरजानं सूप बाजूले ठेवलं. "तिनं त्याले सांगतलं होतं, माझ्या बापाच्या मागं लागू नको. तो माणूस बदलत नाई. हा आयकला नाई, बस."

२५ नोव्हेंबर, सोमवार

मशीनवर फडकं टाकलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

राग येते. कोनावर, ते समजत नाई.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज सगळं चॅट वरपासून वाचलं. जुलैपासून. "बाबा, डावीकडे घ्या." "बाबा, तुम्ही जेवलात का?" "बाबा, आज खोकला कमी आहे का?" मी हे सगळं पोरीच्या आवाजात वाचत होतो. आता दुसऱ्या आवाजात वाचाले गेलो तं आवाजच माहीत नाई. त्याचा आवाज मी एकदाच आयकला. तोही दोन वाक्यं.

हे इथी कधी लिहिलं नाई. लग्नाच्या आधी तो एकदा घरी आला होता, विचाराले. एप्रिल होता, बल्लारपूरचं ऊन. अहेरीहून मोटारसायकलवर. गिरजानं पाण्याचा ग्लास आणला. मी म्हटलं, ग्लास आत ने. गिरजा उभी राह्यली तं दुसऱ्यांदा म्हटलं, जोरात. त्याचे ओठ सुकून पांढरे झाले होते. "येतो मग," म्हणे, आन् गेला. दिव्यानी आतल्या दारात उभी होती.

आन् सप्टेंबरात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गेमात ट्रक थांबवून मी लिहिलं होतं. आज ते सापडलं, जसंच्या तसं. "दिव्यानी, मी चैतूले पाणी पिऊ देल्लं नाई. तुझ्या लग्नाले आलो नाई त्याच्यापेक्षा ते मोठं चुकलं. झोपताना रोज आठवते."

पांढरा ट्रक रस्त्याच्या कडेले उभा राह्यला होता. बारा मिनिटं, चॅटवर वेळ दिसते. मग उत्तर — "राहू द्या बाबा. चला, माल वेळेवर पोचवायचा आहे."

मले वाटलं पोरीनं माफ केलं. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या.

ज्याच्यापुढं ही जीभ मरेपर्यंत उचलली नसती, त्यालेच म्हटलं गेलं. आन् तो बारा मिनिटं थांबला आन् माल पोचवाले चला म्हणे.

लिहिलं त्याले — "चैतू, कार्ड चांगलं चालते." खाली माझं नाव टाकलं, लहानू. टेकडीवर चढला की दिसन त्याले.

पण मग दिव्यानीले? तिले मी काय म्हटलं आजवर? काहीच नाई. एक शब्द नाई. तिच्या लेखी तिचा बाप अजून तिथीच बसला आहे, ग्लास आत ने म्हणत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गिरजाचा फोन तीनदा हातात घेतला. तीनदा ठेवला.

१ डिसेंबर, रविवार

लावला. "हं आई, बोल." म्हटलं, आई नाई.

तिकडं कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग जे म्हणायचं होतं ते म्हटलं. इथी लिहीत नाई.

ती रडली नाई. एकदम हळू म्हणे, "तो सुटीवर आला आहे बाबा, बाहेर गाडी धुऊन राह्यला. त्याले सांगू नको मी बोलली म्हणून. नाई तं तो वर्षभर म्हणत राहीन — पाह्य, माणूस बदलते, मी म्हटलं होतं ना!"